पंख्याचं विमान घेतलं तर कायमचा अडकेन का?

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून तीन-चारदा तरी येतो, कारण बारामतीला विमान चालवायला शिकलेला एखादा मुलगा पुण्यात आता कोणाच्या ना कोणाच्या घरी असतोच. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगा 26 चा, उड्डाणाचे 200 तास झालेले, सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स हातात आणि दोन वर्षं घरी. कोथरूडचा फ्लॅट बँकेकडे गहाण. एका रिजनल, म्हणजे जवळच्या छोट्या मार्गांवरच्या, एअरलाइनची ऑफर आली, एटीआर 72 या पंख्याच्या छोट्या विमानावर को-पायलट, उत्तर द्यायला दहा दिवस, आणि हा सातव्या दिवशी बाबांना घेऊन माझ्यासमोर. वहीत दोन रकाने आखलेले, 'रिजनल' आणि 'मोठी'. गंमत म्हणजे 'मोठी'कडून ऑफरच नव्हती, नुसती आशा होती. हे मी लगेच बोलले नाही.

"मॅडम, एकदा एटीआरचा शिक्का बसला की एअरबसवर कोणी घेत नाही म्हणे."

कोण म्हणे? तर बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. अरे, एअरबसवाली इंडिगो स्वतः एटीआरही चालवते. शिक्का वगैरे काही नसतो, पण पुढचा रस्ता फुकटही नसतो, एअरबसवर जायचं तर टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि परवानगी, नव्याने करावं लागतं. आणि तास मात्र तासच असतात. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सला, 1500 लागतात, याचे 1300 बाकी, वर्षाला 1000 च्या वर उडवू देत नाहीत, म्हणजे अगदी पळत सुटला तरी सव्वा वर्ष तर जाणारच, प्रत्यक्षात जास्तच. तो आकडे मांडत गेला तसा जरा सैल झाला. घरी बसून यातला एक तासही वाढणार नव्हता, हे त्याचं त्यालाच दिसलं.

बाबांचा प्रश्न वेगळा, कंपनी बंद पडली तर? रास्त आहे, ट्रुजेट ही रिजनल कंपनी 2022 मध्ये थांबलीच की. पण जेट एअरवेज 2019 ला थांबली, गो फर्स्ट 2023 ला, त्या कुठे छोट्या होत्या? म्हणून मी त्याला होमवर्क दिला की तिथल्या दोन को-पायलटना फोन कर आणि फक्त एवढंच विचार, मागचे तीन पगार कुठल्या तारखेला आले, आणि महिन्यातल्या किती रात्री स्वतःच्या गादीवर झोपतोस.

बाँडचा कागद चार घड्या घालून खिशात होता, वाचलाच नव्हता! माझ्या टेबलावर उघडून पेन्सिलने ओळी मारत वाचायला लावला. बाँड किती वर्षांचा, मधे सोडलं तर किती भरायचे, ती रक्कम दरवर्षी उतरते की तशीच राहते. वर डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, 2017 च्या नियमाने नोकरी सोडताना को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टनला बारा, त्यामुळे 'वर्षभर करतो आणि उडी मारतो' हा प्लॅन वहीतून खोडला.

मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. शेवटी तोच म्हणाला, समोरचे काका रोज लिफ्टमध्ये विचारतात, "काय कॅप्टन, मोठं विमान कधी?" आणि बाबा मान खाली घालतात. एवढा वेळ आम्ही एटीआरबद्दल बोलत होतो आणि दुखणं लिफ्टमध्ये होतं! बाबा म्हणाले, "मी तुला कधी काही बोललो का?" तो म्हणाला, "तेच तर."

फोन त्याने केले. पगार वेळेवर, झोपेचं उत्तर मात्र फारसं बरं नव्हतं, बेस म्हणजे नेमणुकीचं शहरही पुणे नाही. तरी नवव्या दिवशी हो कळवलं. आता दिवसाला चार-चार लँडिंग करतो, आवाज थकलेला असतो पण दोन वर्षांपूर्वीचा तो नसतो.

काकांना मात्र बाबा अजून "एअरबसचं चाललंय" असंच सांगतात. पुढच्या सेशनला मी त्यांना एकट्यांनाच बोलावलंय.