आधी टिकली पाहा

प्रिय पोरी,

मासेमारीचं जाळं तरंगतं ठेवणारा जुना म्हणून तू घेतलेल्या काचेच्या गोळ्याचा फोटो मिळाला. अस्सल आहे का, असं तूच विचारलंस म्हणून गोड न बोलता खरं सांगतो. हा गोळा जाळ्यावर कधी चढलेलाच नाही. रंग सगळीकडे एकसारखा निळा, जाळी पांढरीशुभ्र, गाठी एकाच मापाच्या आणि मुख्य म्हणजे टिकली नाही. शोभेला छान आहे, खिडकीत टांग. पैसे गेले म्हणून हळहळू नकोस, माझे पहिले तिन्ही असलेच होते.

टिकली हा माझा शब्द. गोळा कसा होतो हे कळलं की ती का हवी ते आपोआप कळतं. नळीच्या टोकावर भट्टीतली वितळलेली काच घ्यायची आणि फुंकायची. पुढे पुढे हात भरभर चालावा म्हणून लाकडी साच्यातही फुंकायला लागले, त्यामुळे काही गोळ्यांवर साच्याची रेघ दिसते. मग गोळा नळीपासून तोडायचा. तोडलेल्या जागी भोक राहतं, ते बुजवायला वितळत्या काचेचा एक थेंब त्यावर दाबायचा. तीच ही टिकली. काही कारखाने ती गरम असतानाच तिच्यावर ठसा मारत: कांजी किंवा काताकाना या जपानी लिप्यांतली अक्षरं किंवा नुसती एखादी खूण. बऱ्याच गोळ्यांवर ठसा नसतोच, तेव्हा ठसा नाही म्हणून नाक मुरडू नकोस. टिकली मात्र हवी, आणि ती जराशी वेडीवाकडी असेल तर उत्तम.

भोक बुजवताना आतली हवा चांगली तापलेली असते. गोळा निवला की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. म्हणजे हा गोळा जन्मभर बाहेरचं आत ओढायला टपलेला, आणि त्याला थोपवून धरते ती टिकली. विकणारे सांगतात, ‘आत जपानी कारागिराचा श्वास कोंडलेला आहे.’ खोटं नाही, पण त्याचे वेगळे पैसे देऊ नकोस.

काही गोळ्यांत पाणी खुळखुळताना ऐकू येईल. जाळं खोल ओढलं गेलं की दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि टिकलीजवळच्या डोळ्याला न दिसणाऱ्या फटीतून पाणी आत शिरतं. वर आल्यावर ते सहजी बाहेर पडत नाही. असा एक गोळा माझ्याकडे होता, जवळजवळ अर्धा भरलेला. इथे ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या घरी मागच्या ओसरीवर ठेवला आणि विसरलो. जानेवारीत चार रात्री सगळं गोठवणारी कडाक्याची थंडी पडली. सकाळी पाहतो तर जाळीच्या आत नुसत्या काचा, मधे बर्फाचा गड्डा. बायको म्हणाली, समुद्रात इतकी वर्षं टिकला आणि तुमच्याकडे एक हिवाळा नाही. पाणी असलेला गोळा घरातच ठेव. उन्हातही नको, कारण पाण्याने भरलेला गोल भाग भिंगासारखं ऊन एकवटतो.

तू विचारलंस, कुठला रंग जमवू? पहिली पाच वर्षं फक्त हिरवा. जपानी गोळे बरेचसे भंगारातल्या काचेचे, त्यात साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, जुन्या बाटल्याही आल्या. त्या काचेतल्या लोखंडाने हिरवा रंग येतो. प्रत्येक भट्टीचा घाणा वेगळा, म्हणून प्रत्येक हिरवा वेगळा: कैरीचा, शेवाळाचा, पाण्यासारखा फिकट निळसर. आत बुडबुडे असतात, कधी न वितळलेला खडा असतो. क्वचित एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत काचेचा धागा गेलेला दिसतो. फुंकताना गरम भिंती एकमेकींना चिकटल्या आणि पुन्हा फुंकल्यावर सुटल्या, की मधे तो धागा ओढला जातो. कारागिराची चूकच ती, पण त्यासाठी जमवणारे जीव टाकतात. जांभळा दिसला तर लगेच भुलू नकोस, मँगनीज असलेली रंगहीन काच वर्षानुवर्षं उन्हात राहून जांभळी होते. लाल मात्र फारच दुर्मीळ, आणि जे दुर्मीळ तेच नकली जास्त.

जपानी भाषेत याला उकिदामा म्हणतात, तरंगता गोळा, किंवा बिनदामा. पण प्रत्येक काचगोळा जपानी नसतो. सुरुवात नॉर्वेत झाली, 1840 च्या दशकात, तिथल्या कॉड माशाच्या जाळ्यांसाठी. जपानने 1910 च्या सुमारास हे काम उचललं, आणि इतक्या प्रमाणात केलं की जमवणाऱ्यांच्या तोंडी जपानचंच नाव बसलं. कोरिया, तैवान, रशियातही गोळे बनले. आपल्या कोकणातल्या कोळ्याच्या हातात दिलास तर तो त्याला बोया म्हणेल आणि विचारेल, किती वजन पेलतो? खरं तर हाच प्रश्न आधी विचारायचा. मी इंजिनिअर, म्हणून हिशेब करून पाहिला. 10 सेंटिमीटर व्यासाचा गोळा जेमतेम अर्धा लिटर पाणी बाजूला सारतो, 30 सेंटिमीटरचा चौदा लिटर. व्यास तिप्पट, जोर सत्तावीसपट. म्हणून लहान गोळे जाळ्याच्या काठाला ओळीने, आणि मोठे टुना पकडायच्या लांबलचक दोरांना. माप पाहून त्याचं काम ओळखता यायला लागलं, की तू नुसती गिऱ्हाईक राहिली नाहीस.

जाळीबद्दल एकच कडक सूचना, ती सोडवू नकोस. जुना दोर तागाचा किंवा मनिला नावाच्या जाड तंतूचा, बहुधा डांबर लावलेला. हातांना काळं लागतं, वास येतो, येऊ दे. वाळूने घासून उघडी काच धुरकट होते, दोराखालची मात्र चकचकीत राहते. काचेवरची नक्षी आणि दोराची जाळी एकमेकांना जुळली तर ती जाळी मूळची. माझ्या एका मित्राने कौतुकाने गोळा साबणाच्या गरम पाण्यात बुडवला. दोराचा भुगा झाला आणि काच एखाद्या दुकानातल्यासारखी लखलखीत. मऊ ब्रशने वाळू झाड, बस.

किनाऱ्यावर सापडेल का? आशा धर, भरवसा नको. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे बोये आल्यापासून काच मागे पडली, आता येतात ते जुनेच. जपानजवळून वाहणाऱ्या कुरोशिओ प्रवाहातून उत्तर पॅसिफिकमध्ये शिरलेला गोळा तिथल्या प्रवाहांच्या महाचक्रात वर्षानुवर्षं फिरत राहतो, आणि पश्चिमेचा वारा जोरात सुटला तरच इकडच्या, अमेरिकेच्या काठाला लागतो. म्हणून वादळानंतर जा, ओहोटीच्या वेळा पाहून. वाळूवर वेलेलाचे निळे शिडवाले जीव पसरलेले दिसले तर वारा समुद्राकडून आहे असं समज. समुद्राकडे पाठ करू नकोस, आणि पाण्याच्या कडेला पडलेल्या ओंडक्यांवर तर अजिबात चढू नकोस. एका लाटेत ते उचलले जातात, माणसासकट. ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या लिंकन सिटीत 1999 पासून नव्या गोळ्यांचा खेळ चालतो: इथलेच कलाकार बनवतात, वाळूत ठेवतात, ज्याला सापडेल त्याचा. मैत्रिणींना घेऊन जा, मजा येते. फक्त तो जाळ्याचा गोळा नव्हे, एवढं लक्षात ठेव.

जपानमध्ये साप्पोरोला कामाला जाणार आहेस, तर एक रविवार जवळच्या ओतारू गावासाठी राख. आगगाडीने पाऊण तासाच्या आत. हेरिंग माशावर वाढलेलं बंदर ते. 1901 मध्ये आसाहारा नावाच्या काचकारखान्यात तेलाच्या दिव्यांनी सुरुवात झाली, पुढे जाळ्यांचे गोळे आले. हेरिंग आटला, विजेने दिवे घालवले, आणि गावात काचेची दुकानं उरली. त्या चकचकाटात हरवू नकोस, फुंकणाऱ्याच्या हाताजवळ उभी राहा. तासभर. नळी सतत फिरत असते, थांबली की काच एका बाजूला लोंबते. एवढं नजरेत भरलं की परत आल्यावर कुठल्याही गोळ्याची गोलाई पाहून तुला कळेल, हात कुठे अडखळला. जमलं तर जपानमधलंच आओमोरी शहरही कर. तिथला होकुयो काचकारखाना 1949 चा, गोळ्यांवरच उभा राहिला, आणि गिऱ्हाईक सरल्यावर तेच हात रंगीत पेले, फुलदाण्या करायला लागले.

सोबत एक पार्सल पाठवतो आहे. मुठीएवढा, हिरवा, जाळी नाही, ठसा नाही. मला मिळाला त्या दिवसाची चिठ्ठी त्याला दोऱ्याने बांधली आहे: किनारा, तारीख, वारा कुठला होता. ती सोडू नकोस, आणि तुझी तारीख खाली लिही. विजेरी आडवी धरून टिकलीचा फोटो काढ आणि मला पाठव. कडेला एक बारीक रेघ आहे, ती तडा आहे की साच्याची खूण, हे तू सांग. मला गेली सहा वर्षं ठरवता आलेलं नाही.

तुझा,
काका