निपाणीजवळ लहान कारखाना काढताना कायदे, कर आणि कामगार संघटना यांपैकी कशाचा विचार आधी करावा?

निपाणीजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणारा लहान कारखाना काढायचा आहे, तर सरकारी कायदे, कर आणि कामगार संघटना यांपैकी कशाची धास्ती अधिक बाळगावी, असे आपण विचारले आहे. बेळगावच्या उद्यमबागेत माझे मशीनिंगचे शेड आहे. फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, आलेल्या कास्टिंगवर (ओतीव भागांवर) आम्ही लेथ आणि संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर काम करून देतो. या धंद्यात राहून माझे मत असे झाले आहे की, कर भरण्याची तारीख आणि गिऱ्हाइकाचे पैसे हाती येण्याची तारीख यांत जे अंतर पडते, तेच लहान कारखान्याला सर्वांत जास्त जाचते. कराचा दर आणि संघटना या गोष्टी त्याच्या नंतर येतात.

जीएसटी गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला द्यायचा असल्याने कारखानदाराला त्याची झळ नाही, असे म्हणतात आणि हिशेबाच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु १८ टक्के दराच्या एक लाखाच्या मालाचे बिल या महिन्यात निघाले की त्यावरील १८ हजारांची जबाबदारी पुढच्या महिन्यात उभी राहते, मग पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत. वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर विवरणपत्र तिमाही भरता येते. कर मात्र महिन्याच्या महिन्यालाच भरावा लागतो. खरेदीवर भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट यातून वजा होते हे खरे, पण आमच्यासारख्या, दुसऱ्याच्या मालावर काम करून देण्याच्या धंद्यात मोठा खर्च मजुरीचा आणि विजेचा असतो. मजुरीवर जीएसटी नाही, विजेवरही नाही, म्हणून या दोन्हींचे क्रेडिट मिळत नाही आणि रोख रक्कम अधिक भरावी लागते. कच्चा माल स्वतः विकत घेऊन भाग बनवणाऱ्याला हा ताण पुष्कळ कमी जाणवतो, म्हणून आपण कोणत्या पद्धतीने काम करणार हे आधी ठरवावे.

उधारीच्या बाबतीत एक कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही त्याची दखल घेतली गेली असून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, पहिल्याच आठवड्यात करावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा.

आता कर्नाटक-महाराष्ट्र सीमेचा प्रश्न, जो बंगळूरच्या सल्लागाराला सुचणार नाही. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे. पण कर्नाटकातल्या निपाणीहून अर्ध्या तासावरच्या, महाराष्ट्रातल्या कागलला माल विकला, तर ती आंतरराज्य विक्री होते आणि पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची ठरते. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेली कंपोझिशन योजनाही (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याची सोय) अशा विक्रेत्याला घेता येत नाही. मला हा नियम सीमाभागावर अन्याय करणारा वाटतो, कारण आपली बाजारपेठ शतकानुशतके कोल्हापूरशी जोडलेली आहे. तरीही १ जुलै २०१७ पूर्वीची स्थिती याहून वाईट होती. तेव्हा कोल्हापूरहून आणलेल्या मालावर सी फॉर्म (आंतरराज्य खरेदीवरील करसवलतीचा नमुना) देऊनही २ टक्के केंद्रीय विक्रीकर पडत असे आणि त्याची वजावट मिळत नसे. आज त्या खरेदीवरच्या कराचे पूर्ण क्रेडिट मिळते.

कामगार कायद्यांत दोन आकडे लक्षात ठेवावेत. साधारणपणे १० माणसे झाली की ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि २० झाली की भविष्य निर्वाह निधी (पीएफ) लागू होतो. ईएसआयपोटी मालकाला मजुरीच्या ३.२५ टक्के आणि कामगाराला ०.७५ टक्के भरावे लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या असल्याने बाकीच्या मर्यादा सल्लागाराकडून नव्याने तपासून घ्याव्यात. हे आकडे चुकवण्यासाठी एकाच शेडमध्ये दोन नावांनी धंदा चालवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो ऐकू नये. चौकशीत दोन्ही एकत्र धरले जातात, आणि हाताखाली तयार झालेला ऑपरेटर पीएफ देणाऱ्या मोठ्या कारखान्यात निघून जातो, तो तोटा दंडापेक्षा मोठा असतो.

संघटनांविषयी बोलताना निपाणीत तंबाखू आणि विडीचा विषय निघतोच. विडी कारखानदारांनी कारखाना कायदा टाळण्यासाठी ठेकेदारांमार्फत तेंदूपाने आणि तंबाखू घरोघर वाटला, म्हणून १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. विड्या नापास ठरवून मजुरी कापण्याविरुद्ध एकट्या बाईला उभे राहणे शक्य नव्हते. ते संघटनेमुळे शक्य झाले, आणि याबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्यासारख्या दहा-बारा माणसांच्या शेडमध्ये संघटना सहसा येत नाही. कारखाना वाढून ती आलीच, तर तिच्याशी तीन वर्षांचा लेखी वेतनकरार करावा. त्यात महागाई भत्ता, बोनस आणि उत्पादनाचे प्रमाण स्पष्ट लिहिलेले असले की तीन वर्षांचा मजुरीचा खर्च आधीच कळतो आणि पार्टीला दर देताना अंदाज बांधावा लागत नाही.