पहिल्या वर्षाला भाषणकौशल्य हा विषय घ्यावा का?

आपण विचारले आहे की, सभेत उभे राहण्याची भीती वाटते आणि घरचे म्हणतात की वक्तृत्व उपजतच असावे लागते, तेव्हा महाविद्यालयात पहिल्या वर्षाला भाषणकौशल्य हा विषय घेऊन काही उपयोग होईल का. विषय जरूर घ्यावा. घरच्यांचे मत चुकीचे आहे, आणि हे मी इतक्या ठामपणे म्हणते कारण माझ्या घरीही ते मत होते.

शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धांमध्ये सात ढाली मिळवल्या. भाषणे मामा लिहून देत आणि मी ती पाठ करत असे. 'सन्माननीय व्यासपीठ' ही सुरुवात, मध्ये दोन कविता, शेवटी चढवलेला आवाज आणि सूचनेच्या घंटेनंतर लगेच समारोप, हे माझ्या इतके अंगवळणी पडले होते की विषय कोणताही असला तरी मला फरक पडत नसे. महाविद्यालयात या विषयाच्या पहिल्याच सादरीकरणाला मी शेतकऱ्यावर बोलले. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर बाईंनी विचारले, "तुमच्या घरचे दूध डेअरीला जाते ना? मग गेल्या बिलात लिटरला काय दर पडला?" मला तो माहीत होता, कारण फॅटची चिठ्ठी रोज मीच वहीत उतरवून ठेवत असे. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून दर ठरतो, त्याहून कमी लागले की पैसे कापले जातात, दहा दिवसांनी बिल निघते आणि त्यातून पेंडीची उधारी आधीच वळती झालेली असते, हे सगळे मी एका दमात सांगितले. बाई म्हणाल्या, "मग यातले एकही वाक्य भाषणात का नव्हते?" मला उत्तर देता आले नाही. जगाचा पोशिंदा वगैरे शब्द मी ज्यांच्यापुढे उधळले, त्यांतल्या निम्म्या मुलांच्या घरी दावणीला जनावरे होती.

त्या तासाला त्यांनी रोमन परंपरेतली वक्तृत्वाची पाच अंगे फळ्यावर लिहिली: विषयाचा शोध, मांडणी, शब्दयोजना, स्मरण आणि सादरीकरण. सिसेरो या रोमन वक्त्याच्या काळापासून हा क्रम चालत आला आहे. माझी तयारी फक्त शेवटच्या दोन अंगांची झाली होती. पहिली तीन मामांनी केलेली असत. आपल्याकडच्या बहुतेक आंतरशालेय स्पर्धा मुलांचे याच प्रकारे नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे तीन आठवडे आम्ही डॉ. आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण वाचले. प्रत्येक परिच्छेदासमोर, तो काय म्हणतो हे न लिहिता, तो तिथे कशासाठी आला आहे हे समासात लिहायचे, एवढाच स्वाध्याय होता. भाषणाच्या आरंभी आकडे येतात: अकरा अधिवेशने, १६५ दिवसांचे कामकाज, सुचवलेल्या ७,६३५ दुरुस्त्या आणि त्यांपैकी सभेपुढे प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या २,४७३. संविधान सभेने फार वेळ घेतला या आक्षेपाला ते आवाज न चढवता असे उत्तर देतात. मग संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव आणि मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना श्रेय देतात, आणि कामत, पंजाबराव देशमुख अशा विरोध करणाऱ्या सदस्यांचे नावे घेऊन आभार मानतात. श्रोत्यांचा विश्वास इतका मिळवल्यानंतरच राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीचा इशारा येतो. तो इशारा मी शाळेत पाठ केला होता; त्याच्या आधी काय आहे, हे मात्र मला कोणी वाचायला दिले नव्हते.

वर्षअखेरीचे भाषण मी फॅटच्या चिठ्ठीवर केले. टाळ्या पहिल्या भाषणापेक्षा कमी पडल्या, पण नंतर चार मुले आपापल्या घरची बिले घेऊन माझ्याकडे आली.

मामा आजही 'वक्ता दशसहस्रेषु', म्हणजे दहा हजारांत एखादाच वक्ता, हे वचन ऐकवतात आणि ते शिकवून येत नाही म्हणतात. त्याच श्लोकात 'सहस्रेषु च पण्डितः', म्हणजे हजारांत एखादा पंडित, असेही आहे, आणि दोघांनाही क्रियापद एकच आहे, 'जायते', म्हणजे जन्मतो. पंडित अभ्यासाशिवाय होतो असे कोणी म्हणत नाही, मग वक्त्याच्याच वाट्याला हा नियम का यावा? श्लोक वक्ते थोडे असतात एवढेच सांगतो. घरच्यांनी हे वचन काढले तर आपण त्यांना पूर्ण श्लोक म्हणून दाखवावा.

दोन गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. मामांनी घासून घेतलेले उच्चार आणि पाठांतर मला पुढे उपयोगी पडले. शिवाय शंभर मुलांच्या वर्गात शिक्षक नुसत्या व्याख्या उतरवून देत असतील, तर हा विषय घेऊ नये. वर्षभरात प्रत्येकाला किमान तीनदा उभे राहून बोलायला मिळते का, हे आधीच्या वर्षाच्या मुलांना विचारून घ्यावे.

भीतीचे म्हणाल तर माझी अजून पुरती गेलेली नाही. पहिली दोन वाक्ये तोंडपाठ ठेवते आणि बाकीच्यासाठी हातात पाच-सहा शब्दांचे टाचण ठेवते.