रिॲक्शन काढताना आधी आकृती, मग समीकरणं

बीमच्या (आडव्या तुळईच्या) रिॲक्शन, म्हणजे आधार बीमला देतात ती बलं, काढताना उत्तर चुकतं ही तुझी तक्रार. पण तुझं गणित समीकरणात चुकत नाहीये, त्याआधीच चुकतंय. आधार पुसून टाक आणि त्यांच्या जागी बाण काढ: रोलरला (आडवं सरकू देणारा आधार) एक, हिंजला (फिरू देणारा, पण सरकू न देणारा) दोन, फिक्स्डला (घट्ट जखडलेला) दोन बाण आणि एक मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम, बल × अंतर). हे न करता थेट आकडेमोड करायला बसू नकोस, कितीही घाई असली तरी.

मग मोमेंट कुठे घ्यायचा? जिथे जास्तीत जास्त अज्ञात बलं एकत्र येतात तिथे, म्हणजे ती आपोआप गळतात. समज, ६ मीटरचा बीम आहे, डावीकडे अ ला हिंज, उजवीकडे ब ला रोलर आणि अ पासून २ मीटरवर १२ किलोन्यूटन भार. अ भोवती मोमेंट घेतलास की १२ × २ = ब × ६, म्हणून ब ४ आणि उरलेले ८ अ वर. आता ब भोवती ताळा कर: ८ × ६ = ४८, १२ × ४ = ४८. जुळलं! हा अर्ध्या मिनिटाचा ताळा मी अजूनही चुकवत नाही.

उत्तर ऋण आलं तर खोडू नकोस. बाणाची दिशा उलटी धरली होतीस, एवढंच. बीमचं टोक आधाराबाहेर असेल आणि भार त्या टोकावर असेल, तर लांबचा आधार बीमला खरंच खाली ओढून धरतो.