वाड्याचा मालक जुनी थकबाकी काढून खोली खाली करायला सांगतोय. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या पेठेतली खोली आजोबांपासून भाड्याने आहे, भाडं महिना १२० रुपये, आणि आता मालकाच्या मुलाने ११ वर्षांची थकबाकी दाखवून वकिलाची नोटीस पाठवली आहे. पावत्या अर्ध्याच सापडतात. आम्ही गिरगावच्या चाळीत यातून गेलोय, म्हणून लिहितो.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे मागणीची नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटेपर्यंत मालकाला थकबाकीच्या कारणावर खोलीच्या ताब्याचा दावाच लावता येत नाही. पुढे दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं १५ टक्के सरळव्याजाने कोर्टात भरायचं, निकालापर्यंत दरमहा भरत राहायचं, कोर्ट सांगेल तो खर्च द्यायचा. मग थकबाकीच्या कारणावर खोली जात नाही.

माणसं नेमकी इथे हट्टाला पेटतात. ‘देणं लागतच नाही, तर भरू कशाला?’ अहो, सगळी ११ वर्षं धरली तरी मुद्दल १५,८४० रुपये. मालकाला ते नकोच आहेत, त्याला खोली हवीय. आक्षेप लेखी नोंदवून भरा आणि मग खुशाल भांडा. तीन वर्षांपलीकडचं भाडं दावा लावून वसूल करता येत नाही हे खरं, पण तेवढ्या भरवशावर कोर्टात कमी रक्कम भरू नका. तो आकडा वकिलाकडूनच काढून घ्या. भाड्याच्या दराबद्दलच वाद असेल तर प्रमाणभूत भाडं (कायद्याने मान्य होणारं भाडं) कोर्टाकडून ठरवून घेण्याचा अर्ज नोटिशीच्या मुदतीतच करा.

पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, पण जुन्या वाड्यांत ती मागायची कोण? पासबुकातल्या नोंदी, मनीऑर्डरच्या पोचपावत्या, वडिलांची हिशेबाची वही, सगळं काढा. लाइटबिल आणि रेशनकार्डाने राहणं सिद्ध होतं, भाडं भरल्याचं नाही. चालू भाडं तो घेत नसेल तर चेक स्पीड पोस्टाने पाठवा. ‘घेण्यास नकार’ शेऱ्यानिशी परत आलेलं पाकीट न फोडता ठेवा, कोर्टात तेच बोलतं.

मधल्या काळात पाणी किंवा वीज तोडली तर कलम २९ खाली लघुवाद न्यायालयात दाद मागता येते. आणि ‘नुसती सही करा’ म्हणून कुणी कोरा कागद पुढे केला, तर चहा पाजून परत पाठवा.