‘मास्टरपीस आहे, बघच’ म्हटलं की कोणी बघत नाही

प्रश्न : दादा, मला आडवाटेचे पिक्चर शोधून बघायचं वेड आहे. मित्रांना घरी बोलावून मणी कौलचा ‘उसकी रोटी’ लावला, मास्टरपीस आहे म्हणून सांगितलं, तर वीस मिनिटांत दोघं मोबाईलवर आणि एक चक्क झोपला. आता मी काही सुचवलं की सगळे हात जोडतात. काय करू? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अरे, पिक्चर पण चांगला आणि मित्र पण चांगले, फक्त तू त्यांना पहिल्याच दिवशी विहिरीत ढकललंस. ‘उसकी रोटी’मध्ये काय आहे, तर बालो नावाची बाई, नवरा बस ड्रायव्हर, त्याची रोटी घेऊन ती रस्त्यावर उभी राहते आणि वाट बघते, बस्स. ते वाट बघणं आपल्याला अंगावर जाणवावं म्हणून मणी कौलने वेळच ताणलाय, आणि हे आधी कोणी सांगितलं नाही तर माणूस गोष्ट सुरू व्हायची वाट बघत बसतो आणि वैतागतो. ‘मास्टरपीस’ शब्दाने तर अजून वाट लागते, कारण मग नाही आवडला तर आपल्यालाच अक्कल नाही असं समोरच्याला वाटायला लागतं.

मी काय करतो सांगू? त्यांना आधीपासून काय आवडतं तिथून सुरुवात करतो. तुझ्या मित्रांनी ‘गोलमाल’ बघितलाच असणार. त्यातला मिशीवाला भवानीशंकर, म्हणजे उत्पल दत्त, त्याचा दहा वर्षं आधीचा, १९६९ चा ‘भुवन शोम’ लाव. मृणाल सेनचा आहे, जेमतेम दीड तासाचा. रेल्वेतला एक कडक साहेब पक्ष्यांची शिकार करायला सौराष्ट्रात जातो आणि गौरी नावाची खेड्यातली पोरगी (सुहासिनी मुळे) त्याला गावातल्या माणसासारखे कपडे घालते, नाहीतर पक्षी उडून जातील म्हणून! एवढंच सांग, पुढचं सांगू नको. हसतील, बघतील. मग सांग की याचा कॅमेरामन के. के. महाजन, ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’ पण त्यानेच शूट केलेत, आणि त्या बालोच्या पिक्चरचा कॅमेरा पण त्याचाच. ‘भुवन शोम’ आणि ‘उसकी रोटी’ दोन्ही त्याच सुमारास फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून झाले. एवढं झालं की महिनाभराने कोणीतरी स्वतःहून विचारेल, तो रोटीवाला परत लाव रे. नाही विचारलं तर तू विचारू नको. आणि लिंक पाठवून मोकळा होऊ नको, सोबत बस.

प्रश्न : इंटरनेटवरच्या सगळ्या याद्यांमध्ये तेच तेच दहा-पंधरा पिक्चर असतात. नवीन शोधायचे कुठून? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : याद्या सोडा, श्रेयनामावली वाचा. वर के. के. महाजनचं लिहिलंय ना, तसंच. ‘चश्मेबद्दूर’ आवडतो? त्याचा कॅमेरा वीरेंद्र सैनीचा. ‘जाने भी दो यारो’चा बिनोद प्रधानचा. आता हे दोघं, सोबत राजेश जोशी आणि मनमोहन सिंग, असे चार जण मिळून १९७६ चा ‘घाशीराम कोतवाल’ शूट करतात. हो, पिक्चर! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी युक्त नावाची सहकारी संस्था काढून केलेला, ओम पुरी घाशीराम, मोहन आगाशे नाना. आपल्यात नाटक सगळ्यांना माहितीये पण पिक्चर आहे हेच कित्येकांना माहीत नसतं आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मराठीत इतका धाडसी प्रयोग फार कमी वेळा झालाय. त्याची प्रिंट जपली कुणी, तर बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने.

दुसरं म्हणजे फिल्म सोसायटी. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे पिक्चर संपल्यावर बाहेर चहाला थांबायचं, घाईने घरी पळायचं नाही. निम्मे पिक्चर मला त्या चहावर मिळालेत. कोणीतरी म्हणतं, हा आवडला ना, मग तो बघ, आणि तुमचा चेहरा बघून सांगतं. हे कुठल्या यादीला जमणार?

प्रश्न : मी नोकरी आणि घर सांभाळून रात्री फार तर अर्धा तास बघू शकते. आडवाटेचं काही सुचवाल? (एक वाचक, वरोरा)

उत्तर : ताई, तुम्ही वरोऱ्याच्या, म्हणजे आनंदवन तुमच्या शेजारी, म्हणून हाच सुचवतो. ‘द हाऊस इज ब्लॅक’, इराणी, सुमारे बावीस मिनिटांचा. फुरूघ फर्रुखजाद या कवयित्रीने १९६२ मध्ये तब्रीजजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जाऊन केला, पाठीमागे तिच्याच आवाजात कविता. पुढे १९६७ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ती अपघातात गेली, दिग्दर्शक म्हणून तिचा हा एकच पिक्चर. चेहरे बघताना सुरुवातीला जड जाईल, पण ती नजर वळवत नाही आणि दयाही दाखवत नाही, तिथली माणसं खेळतात, नटतात, लग्न करतात. शेवटी वर्ग भरतो. मास्तर एका मुलाला फळ्याजवळ बोलावतो आणि सांगतो, ‘घर’ शब्द घालून एक वाक्य लिही. तो बराच वेळ विचार करतो आणि मग जे लिहितो तेच पिक्चरचं नाव.