मोत्याची मुलगी कूलरसमोर नको

प्रश्न: ताई, लेक नेदरलँडहून आली, येताना द हेगच्या माउरित्सहाउस म्युझियममधून डच चित्रकार व्हर्मीरच्या त्या मोत्याच्या डूलवाल्या मुलीचं प्रिंट घेऊन आली, ओरिजिनलच्याच साइजचं. हे म्हणतात सोफ्यावर एवढंसं काय दिसणार, फ्लेक्सवाल्याकडून पाच फुटाचं करून घेऊ. सासूबाई वेगळंच विचारून राहिल्या, "कोणाची पोरगी आहे ही, आपल्या घरात काऊन?" कुठे लावू? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर: आधी त्या फ्लेक्सवाल्याला नाही म्हणा! मूळ चित्रच ४४.५ बाय ३९ सेंटीमीटर आहे हो, दीड फूटही नाही, पाच फुटाचं केलं की चौकातलं वाढदिवसाचं बॅनर दिसेल. आणि जवळून बघण्यातच मजा आहे, तो मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचे दोन-चार फटकारे, कानात अडकवायला कडीसुद्धा काढलेली नाही.

म्हणून सोफ्याची मोठी भिंत सोडा, जाता-येता दिसेल अशी छोटी भिंत शोधा. चित्रात उजेड डावीकडून येतो, तुमची खिडकीही डावीकडे आली तर फार छान, पण त्याच खिडकीत कूलर असेल तर नकोच, कारण आपल्याकडे एप्रिल ते जून तो दिवसरात्र चालतो आणि त्या ओल्या हवेनं कागदाला लाटा येतात, मग बुरशी. माझं एक प्रिंट असंच गेलं, फ्रेमवाल्यानं काच थेट कागदावर बसवली होती, पावसाळ्यात चिकटली ती निघालीच नाही. मधे माउंट, म्हणजे काच कागदापासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगाच. पश्चिमेची तापणारी भिंतही टाळा.

भिंतीचा रंग? गडद हिरवा करून बघा. ते काळं बॅकग्राउंड मुळात हिरवा पडदा होता, २०१८च्या तपासणीत कळलं, रंग उडून काळा झालाय.

सासूबाईंना सांगा, कोणाचीच नाही ती. १६६५च्या आसपासचं हे चित्र कोणी पैसे देऊन काढून घेतलेलं पोर्ट्रेट नाही, डच लोक याला ट्रोनी म्हणतात, म्हणजे नुसता एक चेहरा, फेटाबिटा घालून. १८८१मध्ये लिलावात दोन गिल्डरला (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच नाणं) गेली होती बिचारी.

उंची मात्र सासूबाईंच्या खुर्चीवरून ठरवा, बसल्यावर नजरेसमोर यायला पाहिजे. दुपारभर त्यांच्याकडेच वळून बघत राहील.